घरच्या प्लेक्स सर्व्हरला ऑनलाइन खात्याशी जोडल्याने सुरक्षितता खरोखर वाढते का?

कृष्णाकाठ:

नमस्कार. सांगलीच्या आमच्या घरी एका जुन्या संगणकावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून मी प्लेक्स मीडिया सर्व्हर (आपल्या संगणकावरील चित्रफिती व ध्वनिमुद्रणे टीव्हीवर दाखवणारी प्रणाली) चालवतो. त्यात चित्रपट थोडेच आहेत. मुख्य ऐवज आहे तो वडिलांनी व्हीएचएस कॅसेटवर चित्रित केलेल्या घरातल्या लग्नामुंजींचा आणि गावच्या भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणांचा, जो मी सवडीने डिजिटल करून ठेवला आहे. या संगणकाला पडदा किंवा कळफलक जोडलेला नाही. तो राउटरशेजारी ठेवलेला असतो आणि मी लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या संगणकाला दुरून आज्ञा देण्याची सुरक्षित सोय) त्यावर काम करतो.

सर्व्हर बसवताना मी तो प्लेक्सच्या कोणत्याही खात्याशी जोडला नाही. घरातल्या टीव्हीवर तो विनातक्रार दिसतो, परंतु सेटिंग्जच्या पानावर सुरक्षिततेसाठी सर्व्हर ‘क्लेम’ करावा, म्हणजे खात्याशी जोडावा, अशी सूचना येत राहते. माझी शंका अशी की, जी वस्तू घराच्या चार भिंतींत आहे ती परदेशातल्या एका कंपनीच्या खात्याला जोडल्यावर अधिक सुरक्षित होईल ती कशी? शिवाय २०२२ साली त्याच कंपनीकडून ग्राहकांचे ईमेल आणि पासवर्ड चोरीला गेल्याचे वाचले आहे. घरचे वायफाय वरच्या मजल्यावरील भाडेकरूही वापरतात आणि दुबईतील बहिणीला पुढेमागे ही चित्रणे दाखवायची आहेत, या दोन गोष्टी लक्षात घेऊन जाणकारांनी सल्ला द्यावा.

तारायंत्र:

आपल्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: सर्व्हर कोणाचा मानायचा, तो बाहेरून कोणाला दिसतो आणि खाते कितपत भक्कम आहे. क्लेम करण्याने यांतल्या फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते, उरलेल्या दोन्हींची व्यवस्था आपल्यालाच करावी लागते.

सर्व्हर कोणत्याही खात्याशी जोडलेला नसतो तेव्हा ‘मालक’ ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते. स्थानिक नेटवर्कवरून आलेल्या माणसाला तो आपलाच मानतो. घरात एकच कुटुंब असेल तर हे एक वेळ चालून जाते, परंतु आपल्याकडे वायफाय भाडेकरूही वापरतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही फोनवरून, किंवा त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याच्या लॅपटॉपवरून, आपला संग्रह पासवर्डाशिवाय उघडता येतो. एवढेच नव्हे, तर न जोडलेला सर्व्हर त्याच नेटवर्कवरील दुसरी व्यक्ती स्वतःच्या खात्याशी जोडू शकते आणि त्यानंतर सेटिंग्जचे दार आपल्यालाच बंद होते. त्यामुळे आपल्या बाबतीत क्लेम करणे आवश्यकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडणी झाली की सर्व्हरच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्या खात्याचे एक टोकन (ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर) साठवले जाते आणि तेथून पुढे येणाऱ्याला आपली ओळख पटवावी लागते. चित्रफिती कंपनीकडे जात नाहीत, त्या आपल्याच डिस्कवर राहतात. कंपनीचे काम सोसायटीच्या फाटकावरील नोंदवहीसारखे आहे: कोण आले आणि त्याने कोणत्या दाराशी जायचे एवढेच तेथे पाहिले जाते. मात्र नोंदवहीतही काही माहिती जातेच, हे आपण जाणून घ्यावे. सर्व्हरचे नाव, त्याचे घरातील व बाहेरील आयपी पत्ते आणि चित्रपटांची माहिती शोधताना त्यांची शीर्षके बाहेर जातात. घरगुती चित्रणांसाठी ‘अदर व्हिडिओज’ या प्रकारची लायब्ररी निवडली, तर त्यांची माहिती इंटरनेटवर धुंडाळली जात नाही. लग्नाच्या चित्रणांना हाच प्रकार योग्य.

जोडणीचा आणखी एक लाभ फारसा कोणी सांगत नाही. प्लेक्सने २०१५ साली डिजिसर्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने घरगुती सर्व्हरना एनक्रिप्शनची (संवाद सांकेतिक करून गुप्त ठेवण्याची) प्रमाणपत्रे देण्याची सोय केली. खात्याशी जोडलेल्या सर्व्हरला ‘प्लेक्स डॉट डायरेक्ट’ या डोमेनखाली स्वतःचे नाव व प्रमाणपत्र मिळते आणि टीव्ही व सर्व्हर यांच्यातील संवाद घरातही एनक्रिप्ट होऊ शकतो. सेटिंग्जमध्ये सुरक्षित जोडणीसाठी ‘प्रिफर्ड’ हा पर्याय ठेवावा. सर्व उपकरणे नीट चालतात असे दिसले तर ‘रिक्वायर्ड’ करावा. काही राउटर बाहेरच्या नावाने घरातला पत्ता परत आला की तो संशयास्पद मानून अडवतात. तसे झाल्यास राउटरमध्ये या एका डोमेनला सूट द्यावी, पण त्यासाठी एनक्रिप्शन बंद करू नये.

रात्रपाळी:

तारायंत्र यांच्याशी सहमत आहे. आपला संगणक पडद्याविना चालतो म्हणून प्रत्यक्ष कृतीविषयी लिहितो, कारण बहुतेक जण येथेच अडकतात.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरला आपण जवळूनच बोलत आहात याची खात्री हवी असते. त्यामुळे दुसऱ्या सबनेटवरून (नेटवर्कच्या वेगळ्या भागातून) किंवा बाहेरून प्रयत्न केल्यास क्लेमचे बटणच दिसत नाही आणि सर्व्हर बिघडला असा समज होतो. लॅपटॉपवरून एसएसएच टनेल उघडावा, म्हणजे लॅपटॉपचा एखादा मोकळा पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार), समजा ८८८८, सर्व्हरच्या स्वतःच्या ३२४०० या पोर्टला जोडावा. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा, म्हणजे त्याच लॅपटॉपचा, ८८८८ पोर्ट उघडून शेवटी ‘वेब’ हा मार्ग लिहावा. सर्व्हरला विनंती स्वतःच्याच संगणकावरून आल्यासारखी वाटते आणि जोडणी सुरळीत होते. डॉकरमध्ये (प्रणाली कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवण्याचे साधन) चालवणाऱ्यांसाठी प्लेक्सच्या संकेतस्थळावरील क्लेमच्या पानावर एक टोकन मिळते, जे कंटेनर सुरू करताना पर्यावरण चलात (एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल) द्यायचे असते. त्याची मुदत अवघी चार मिनिटांची असते, म्हणून आधी बाकीची सर्व मांडणी पूर्ण करून टोकन शेवटी घ्यावे.

आता चोरीविषयी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ईमेल, वापरकर्तानावे आणि हॅश केलेले पासवर्ड बाहेर गेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्येही कंपनीला तशीच सूचना द्यावी लागली. आपली काळजी रास्तच आहे. हॅश केलेला पासवर्ड थेट वाचता येत नाही, परंतु तो सोपा असेल किंवा इतरत्र वापरलेला असेल तर शोधून काढता येतो. म्हणून या खात्याचा पासवर्ड लांब आणि फक्त याच खात्याचा असावा आणि द्विस्तरीय पडताळणी पहिल्याच दिवशी सुरू करावी. एकदा सर्व्हर जोडला की खाते हीच त्याची किल्ली ठरते, त्यामुळे जोडणी करून खाते कच्चे ठेवणे हे न जोडण्याइतकेच धोक्याचे आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचे आहे. २०२२ मध्ये तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात हल्लेखोर शिरले ते तेथे असलेल्या प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीतील दोषातून. तो दोष २०२० च्या मे महिन्यातच दुरुस्त झाला होता, पण त्या संगणकावर सुधारित आवृत्ती घेतलेली नव्हती. शिवाय तो दोष वापरण्यासाठी सर्व्हरच्या मालकाच्या खात्यात प्रवेश असणे आवश्यक होते. खाते भक्कम असते किंवा आवृत्ती ताजी असती, तर ती वाट बंद झाली असती. लिनक्सवर प्लेक्सची अधिकृत रिपॉझिटरी (पॅकेजांचे ऑनलाइन भांडार) जोडून घेतल्यास सुधारणा इतर पॅकेजांबरोबरच येतात. ही सोय आपण आजच करावी, ही विनंती.

सह्याद्रीपठार:

मला वेगळा मार्ग सुचवावासा वाटतो. ज्या संग्रहात घरातल्या माणसांचे चेहरे आणि आवाज आहेत, त्याच्या दाराची परवानगी बाहेरच्या कंपनीकडे असूच नये, असे मला मनापासून वाटते. जेलीफिन हा मुक्तस्रोत सर्व्हर २०१८ च्या डिसेंबरमध्ये, एम्बी या तशाच सर्व्हरने आपला स्रोत खुला ठेवणे बंद केल्यावर, त्यातून वेगळा झाला. त्यात वापरकर्ते आणि पासवर्ड आपल्याच संगणकावर असतात. इंटरनेट बंद असले तरी प्रवेश अडत नाही. कोण काय पाहते याची नोंदही बाहेर जात नाही. प्लेक्सने २०२३ मध्ये मित्रांनी काय पाहिले याची साप्ताहिक पत्रे पाठवायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना आपली गोपनीयतेची सेटिंग्ज पहिल्यांदाच उघडून पाहावी लागली होती.

जेलीफिनचा ८०९६ हा पोर्ट मात्र राउटरवरून थेट जगाला उघडू नये, कारण त्याचे काही मार्ग ओळख न विचारता उत्तर देतात आणि हा प्रश्न त्याच्या विकासकांनीही मान्य केलेला आहे. बहिणीसाठी टेलस्केल (दूरदूरच्या उपकरणांना एका खासगी जाळ्यात जोडणारी सेवा) वापरावे. आपल्याकडील अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी न देता अनेकांना मिळून एकच देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोहोचत नाही. टेलस्केल त्या अडचणीतूनही वाट काढते.

कृष्णाकाठ:

तिघांचे आभार. सह्याद्रीपठार यांचा मुद्दा मनाला पटतो, परंतु माझ्या आईला टीव्हीवरील प्लेक्सची सवय झाली आहे आणि बहिणीच्या टीव्हीवर टेलस्केल बसवणे तिला जमेल असे वाटत नाही. राउटरमध्ये पाहिले तर प्रादेशिक कंपनीने दिलेला पत्ता १००.७० ने सुरू होतो. क्लेम केल्यावर इंटरनेट बंद पडले, तर घरात टीव्ही चालेल का? आणि भाडेकरूंचे काय करावे?

तारायंत्र:

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते अशा सामायिक व्यवस्थेसाठीच राखून ठेवलेले आहेत. म्हणजे आपला सर्व्हर आयपीव्ही४ वरून थेट बाहेर दिसत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे आपल्या पथ्यावर पडणारे आहे. बहिणीने पाहायचे म्हटल्यास प्लेक्स आपल्या रिलेमार्गे (कंपनीच्या मधल्या सर्व्हरमधून) चित्र पाठवेल, पण त्याचा वेग विनामूल्य खात्याला सेकंदाला एक मेगाबिट आणि सशुल्क खात्याला दोन मेगाबिट इतकाच मर्यादित असतो. व्हीएचएसवरून घेतलेल्या चित्रणाला तेवढा बहुधा पुरेल. २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःच्या चित्रफिती पाहण्यासाठी एकतर सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास (प्लेक्सचे सशुल्क सदस्यत्व) किंवा पाहणाऱ्याकडे स्वतंत्र सशुल्क पास असावा लागतो, हेही बहिणीला सांगण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. तिला आपला पासवर्ड देऊ नये. तिचे वेगळे खाते काढून फक्त घरगुती चित्रणांची लायब्ररी तिच्याशी शेअर करावी.

इंटरनेट बंद असताना ओळख पटवण्यात अडचण येऊ शकते. त्यासाठी सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ओळख न विचारता प्रवेश द्यायच्या पत्त्यांची यादी असते. अनेक ठिकाणी त्या रकान्यात १९२.१६८ ने सुरू होणारे अख्खे नेटवर्क लिहायला सांगतात, परंतु आपल्या घरात त्याचा अर्थ क्लेम करून लावलेले कुलूप भाडेकरूंसाठी पुन्हा उघडणे असा होईल. राउटरमध्ये टीव्हीला एक कायमचा पत्ता नेमून द्यावा आणि त्या यादीत तो एकच पत्ता लिहावा. सर्व्हरपुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पोहोचवणारा मधला सर्व्हर) किंवा डॉकरचे ब्रिज नेटवर्क असेल तर तेही करू नये, कारण तेव्हा बाहेरची विनंतीही कधी कधी स्थानिक पत्त्यावरून आल्यासारखी भासते. भाडेकरूंना राउटरचे गेस्ट वायफाय द्यावे. त्यावरील उपकरणांना घरातली उपकरणे दिसत नाहीत, आणि हा उपाय प्लेक्सपुरताच नव्हे तर प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठीही उपयोगी आहे.

एक गोष्ट क्लेमने होत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नेटस्काउट या कंपनीने दाखवून दिले की काही राउटर आपोआप प्लेक्सच्या शोधसेवेचा यूडीपी पोर्ट बाहेर उघडतात आणि अशा सर्व्हरचा वापर इतरांवर माहितीचा मारा करण्यासाठी होतो. कंपनीने दुरुस्ती दिली आहे. तरी राउटरमधील यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद ठेवावे आणि दूरस्थ प्रवेश बहिणीला दाखवायची वेळ येईपर्यंत चालूच करू नये.

सह्याद्रीपठार:

आईंची सवय मोडू नये, हे मान्य आहे. टेलस्केलमध्येही प्रवेश गूगल किंवा मायक्रोसॉफ्टसारख्या खात्यानेच होतो, तेव्हा ऑनलाइन खाते पूर्णपणे टळत नाही हेही मला सांगायला हवे. पूर्ण स्वावलंबन हवे असेल तर वायरगार्ड (खासगी जाळे उभारण्याची प्रणाली) स्वतः बसवावा लागतो आणि त्यासाठी बाहेरून पोहोचता येणारा पत्ता, निदान आयपीव्ही६ तरी, लागतो. चित्रणांची एक प्रत मात्र सर्व्हरपासून वेगळ्या डिस्कवर असू द्यावी.

रात्रपाळी:

आणखी एक प्रसंग आधीच माहीत असलेला बरा. खात्याचा पासवर्ड बदलताना ‘जोडलेली सर्व उपकरणे बाहेर काढा’ असा पर्याय दिसतो. चोरीच्या बातमीनंतर तो निवडणेच योग्य असते, पण त्यामुळे आपला सर्व्हरही खात्यातून बाहेर पडतो. २०२२ मध्ये अनेकांचे सर्व्हर असेच एकाएकी दिसेनासे झाले होते. घाबरून प्लेक्स काढून पुन्हा बसवू नये. वर सांगितलेल्या एसएसएच टनेलमधून तो पुन्हा क्लेम करावा. परवानगी नसल्याचा संदेश येत राहिला, तर सर्व्हर थांबवावा, ‘प्रेफरन्सेस’ नावाच्या एक्सएमएल फाइलची प्रत काढावी आणि त्यातील ‘प्लेक्सऑनलाइन’ने सुरू होणाऱ्या टोकन, वापरकर्तानाव, ईमेल व होम या चारच नोंदी पुसाव्यात. बाकी कशालाही हात लावू नये, विशेषतः सर्व्हरच्या ओळखक्रमांकाला, कारण तो बदलल्यास उपकरणांना हा सर्व्हर नवाच वाटतो आणि बहिणीशी केलेले शेअरिंगही पुन्हा करावे लागेल. मग सर्व्हर सुरू करून टनेलमधून क्लेम करावा. लायब्ररी आणि पाहिल्याच्या खुणा जशाच्या तशा राहतात.