केदारकंठा हिवाळ्यात: एक जाड जॅकेट की पातळ थर?

गिरिभ्रमर
डिसेंबरात उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर केलं. साडेबारा हजार फूट, पहाटे ३ ला तळावरून निघालो. निम्म्या मंडळींनी सुती बनियन, थर्मल, स्वेटर आणि वर पिसांचं फुगीर जॅकेट चढवूनच चालायला सुरुवात केली. अर्ध्या तासात घामाघूम, आणि दम खायला थांबले की हुडहुडी! ओलं कापड अंगातली ऊब भराभर ओढून घेतं. सुती तर वाळतच नाही. माझं ठाम मत: चालताना थर्मल, फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जॅकेट) आणि वारा अडवणारं पातळ विंडचीटर, बस. पिसांचं जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर. थांबलात की आधी ते, मग पाण्याची बाटली. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे.

सावकाश_चालणारी
"वाजलीच पाहिजे" हे पंचविशीतल्यांना सांगा हो. मी ५४ ची, दर वीस पावलांना थांबते. मला घाम येईस्तोवर उजाडतं. अंधारात, जाड हातमोज्यांनी सॅकचे बंद सोडायचे, त्यात लीडर "चलो, चलो" करत मागे लागलेला. मी जॅकेट घालूनच चढले, फक्त चेन उघडी ठेवली. काही बिघडलं नाही.

गिरिभ्रमर
चेनचं मान्य, चांगली युक्ती आहे. पण त्या दिवशी बर्फ पडत नसणार. ऊब पिसांची नसते, त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. पिसं भिजून गोळा झाली की जॅकेट नुसतं ओझं.

लोकरवाला
दोघांनीही दुकानं फिरलेली दिसतात :) पायथ्याच्या सांकरी गावातले पोर्टर साध्या स्वेटरवर आपल्या दुप्पट ओझं नेतात. १९२४ साली ब्रिटिश गिर्यारोहक मॅलरी एव्हरेस्टवर गेला तो रेशीम, सुती आणि लोकरीचे थर घालून, वर गॅबर्डिन, म्हणजे घट्ट विणीचं कापड. २००६ मध्ये तसेच कपडे शिवून एव्हरेस्टवरच घालून पाहिले, तर हलके आणि उबदार निघाले. मावशीनं विणलेला स्वेटर बाहेर काढा.

गिरिभ्रमर
म्हणजे तुमचा मॅलरी माझ्याच बाजूचा! पातळ थरांवर थर. आणि पोर्टर शिखरावर फोटोसाठी अर्धा तास रांगेत उभे राहत नाहीत, आपण राहतो.

खडकवासी
अंगाचं भांडण चालू द्या, पायांकडे कोणीच बघत नाही. माझी बोटं बधिर झाली ती दोन जाड मोजे कोंबल्यामुळे. बूट आवळला की रक्त पोचत नाही, मग लोकर कसलीही असो. भाड्याचे बूट घेताना चढाईचेच मोजे घालून माप बघा, बोटं आत हलली पाहिजेत. झोपायचे मोजे वेगळे, ते दिवसा घालायचेच नाहीत.

सावकाश_चालणारी
मोज्यांचं पटलं. फेब्रुवारीत पुन्हा जातेय. जॅकेट घालूनच निघणार, आतला स्वेटर मात्र सॅकमध्ये टाकते. गिरिभ्रमर, एवढ्यावर भागवा.