पॅटचे मार्क चॅटबॉटवर भरून शिकवणं सुधारतं का?

झेडपीचा_मास्तर:
2023 पासून पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी चालूय, वर्षात एक पायाभूत (सुरुवातीची) आणि दोन संकलित (सत्राअखेरच्या), विषय भाषा गणित इंग्रजी. पेपर घ्या, तपासा, मग शिक्षण खात्याच्या चॅटबॉटवर मोबाईलवरून गुण टाका, रेंज नसली की शाळेमागच्या टेकाडावर जाऊन टाका. हा डेटा वर जातो तो खाली येतच नाही, आलाच तर कुठली शाळा मागे एवढं सांगायला येतो. 52 वजा 27 चं उत्तर पोरगं 35 लिहितं, का तर दोनातून सात जात नाहीत म्हणून ते सरळ सातातून दोन घालवतं. हे मला पेपरात दिसतं म्हणून उद्या काय शिकवायचं ते कळतं. वर फक्त किती मार्क गेले एवढंच पोचतं.

आकडेमोड्या:
तुम्हाला दिसतं मान्य, पण शेजारच्या शाळेत कुणी एवढं बघतंय कशावरून? अख्ख्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, चौथीचं घोडं वजाबाकीतच अडलंय हे आकडे एकत्र केल्याशिवाय कळणार कसं? कळलं तर केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, तोच विषय घेता येईल, नाहीतर परिपत्रक वाचन आणि चहा.

झेडपीचा_मास्तर:
आमच्याकडे अजून तेच आहे, चहा बरा असतो 😀

रानमेवा:
मी केंद्रप्रमुख होते. आकड्यावरून शाळेची इज्जत ठरायला लागली की आकडे फुगतात, फळ्यावर उत्तरं लिहून दिलेली मी स्वतः बघितलीत. असर या शिक्षण सर्वेक्षणाचे लोक 2005 पासून गावात घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, शाळेत घेत नाहीत, म्हणून तिथे कुणाला आकडे सजवायची गरजच पडत नाही.

आकडेमोड्या:
पण ताई असर नमुना सर्वेक्षण आहे, त्यातून जिल्ह्याचं चित्र मिळतं, वर्गातल्या पोराचं नाही. आणि प्रथम या संस्थेची पद्धत घ्या, कोण अक्षरावर कोण शब्दावर, परिच्छेदावर, गोष्टीवर हे तपासायचं, इयत्ता बाजूला ठेवून गट पाडायचे, मध्ये मध्ये परत तपासून गट बदलायचे. हा डेटाच झाला ना?

रानमेवा:
झाला की. पण तिथे जो तपासतो तोच शिकवतो, आज तपासलं की उद्या गट बदलतो, आणि वर चांगलं दिसण्यासाठी खोटं लिहायचं त्याला कारणच नसतं. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देताय.

सातवीची_आई:
मधेच बोलते, लेकीचे पॅटचे गुण आम्हाला तरी कुणी दाखवतं का? दोनदा विचारलं, "भरलेत ऑनलाइन" एवढंच उत्तर.

आकडेमोड्या:
हे चूकच आहे. पण मास्तर, सरसकट बंद करा म्हणाल तर कुणी ऐकणार नाही. नेमकं काय हवंय ते सांगा.

झेडपीचा_मास्तर:
कुठला घटक कुठे कच्चा ते आठ दिवसांत शाळेला परत कळवा. शाळांची क्रमवार यादी ग्रुपवर टाकू नका. आणि "आज पाचपर्यंत माहिती भरा" हे मेसेज बंद करा.

आकडेमोड्या:
पहिल्या दोनला पाठिंबा. तिसरं होणं नाही 🙏