डोळ्यांपुढे तरंगणारे ठिपके: सवय करून घ्यावी की उपचारांची वाट पाहावी?

प्रश्न

माझे वय ३४ आहे आणि दोन्ही डोळ्यांना उणे सातचा नंबर आहे. गेल्या आठ महिन्यांपासून उजव्या डोळ्यापुढे गाठ पडलेल्या दोऱ्यासारखी एक आकृती आणि तिच्याभोवती पाच-सहा पारदर्शक ठिपके तरंगताना दिसतात. वाचताना नजर ओळीच्या शेवटाला पोहोचली की तो दोरा क्षणभर पुढे झेपावतो, मग सावकाश खाली उतरतो आणि नेमका पुढच्या ओळीतल्या शब्दांवर येऊन थांबतो. नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासला, तो सुस्थितीत असल्याचे सांगितले आणि याकडे दुर्लक्ष करा, असा सल्ला दिला. मला ते जमत नाही. घरच्यांना काहीच दिसत नसल्यामुळे हा त्रास खरा आहे हे त्यांना पटवणेही कठीण जाते. हे कमी होते का, आणि यावर उपचाराची काही आशा आहे का?

प्रतिसाद १

मला अकरा वर्षांपासून फ्लोटर्स, म्हणजे असेच तरंगणारे ठिपके, आहेत, म्हणून सर्वप्रथम एवढेच सांगतो की तुमचा त्रास खरा आहे. डोळ्याच्या आतली पोकळी भरणारा जेलीसारखा पदार्थ जवळजवळ सगळा पाणीच असतो, आणि त्याला आकार देणारे कोलाजेनचे अतिसूक्ष्म तंतू वयानुसार, तसेच जास्त मायनस नंबर असल्यास लवकर, एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. आपल्याला दिसते ती त्या गुठळ्यांची पडद्यावर पडणारी सावली. भर उजेडात बाहुली आकसते आणि सावली अधिक रेखीव होते, म्हणूनच निरभ्र आकाश किंवा पांढरे पान पाहताना हा त्रास सर्वाधिक जाणवतो.

माझ्या गुठळ्या विरघळल्या नाहीत, परंतु मेंदूने त्यांची दखल घेणे हळूहळू सोडून दिले. त्याला दीड वर्ष लागले, आणि पहिले सहा महिने मी रोज सकाळी उठल्याबरोबर भिंतीकडे पाहून ते अजून आहेत का, हे तपासत असे, त्यामुळे तो काळ उलट लांबला असे मला मनापासून वाटते. ते तपासणे आधी थांबवा. संगणकावर गडद पार्श्वभूमी ठेवा, स्क्रीनचा उजेड कमी करा आणि उन्हात रंगीत काचांचा चष्मा वापरा.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. ठिपक्यांची संख्या अचानक वाढली, विजेसारखे चमकारे दिसू लागले किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्या, कारण ती पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची लक्षणे असू शकतात. तुमचा नंबर पाहता ही सूचना तुम्हाला अधिकच लागू पडते.

प्रतिसाद २

मी व्हिट्रेक्टमी, म्हणजे डोळ्यातील तो जेली काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, वयाच्या ६१व्या वर्षी करून घेतली. ठिपके गेले आणि मला पुन्हा स्वच्छ दिसू लागले, याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. तथापि चौदा महिन्यांत त्याच डोळ्यात मोतीबिंदू वाढला आणि त्याचीही शस्त्रक्रिया करावी लागली. शल्यचिकित्सकांनी याची कल्पना आधीच दिली होती. पडदा सुटणे आणि डोळ्यात जंतुसंसर्ग होणे हे धोके क्वचित असले, तरी घडल्यास दृष्टीवर बेततात.

माझ्या बाबतीत जेली पडद्यापासून आधीच आपोआप सुटलेला होता. तुमच्या वयात तो बहुधा अजून चिकटलेला असेल. शस्त्रक्रियेत तो मुद्दाम सोडवावा लागला, तर पडदा फाटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे तुमच्यासाठी मी आज हा मार्ग सुचवणार नाही.

प्रतिसाद ३

लेझरविषयी थोडे लिहितो. ‘याग’ नावाच्या लेझरने गुठळी फोडण्याच्या उपचाराची २०१७ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी ५२ रुग्णांवर झाली होती. सहा महिन्यांनंतर खरा उपचार मिळालेल्यांच्या त्रासात सरासरी ५४ टक्के सुधारणा नोंदली गेली, तर उपचाराचा केवळ देखावा केलेल्यांमध्ये ती ९ टक्के होती. परंतु हे सर्व रुग्ण जेली सुटल्यानंतर तयार होणाऱ्या मोठ्या, कड्यासारख्या गुठळीचे होते. तरुणांमधील बारीक तंतू पडद्याच्या अगदी जवळ असतात आणि तिथे लेझर मारणे सुरक्षित नसते.

खरी आशा मला संशोधनात दिसते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सोन्याचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, गुठळ्यांवर बसवून अगदी कमी ऊर्जेच्या लेझरने त्या नष्ट करता येतात, हे प्रयोगशाळेत दाखवले. हे अजून रुग्णांपर्यंत पोहोचलेले नाही, पण कोणीतरी आपल्या या त्रासावर इतके बारकाईने काम करत आहे, याचाच मला मोठा आधार वाटतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. शस्त्रक्रियेचा विचार मी सध्या बाजूला ठेवला आहे. जेली पडद्यापासून सुटला आहे की नाही, हे पुढच्या तपासणीत मी आवर्जून विचारीन. संगणकाची पार्श्वभूमी कालच गडद केली. दोरा आहे तिथेच आहे, पण हा प्रतिसाद लिहिताना तो दोनदाच जाणवला.