बारावीची त्रिकोणमिती: आधी आलेख की आधी सूत्र?
(सोलापुरातल्या चौघांचा वाद; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या भागाचं नाव दिलंय.)

सात रस्ता
माझं मत सरळ आहे. त्रिकोणमितीय समीकरण आलं की आधी ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर आलेख बघावा, सूत्र मागाहून. उकली किती आहेत हे डोळ्यांना दिसत नाही तोवर पोरं एक उत्तर लिहून पान उलटतात.

सोलापूरचंच घ्या. अक्षांश सुमारे १७.७. सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास ४ मिनिटं, सर्वांत लहान १० तास ५६ मिनिटं (हवेत किरण वाकल्यानं वाढणारी मिनिटं सोडून). म्हणून दिवसाची लांबी = १२ + १.०६ × साइन(२ पाय (क्ष − ८०) ÷ ३६५), क्ष म्हणजे वर्षातला कितवा दिवस, पाय म्हणजे π. साडेबारा तासांचा दिवस कधी?

टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर मोडमध्ये रेडियन ठेवा. पहिल्या ओळीत हे सूत्र, दुसरीत १२.५. विंडो आडवी ० ते ३६५, उभी १०.५ ते १३.५. मग सेकंड, ट्रेस, ५ म्हणजे इंटरसेक्ट, छेदबिंदू शोधणारा. दोन्ही वक्रांना एंटर, आणि 'गेस' विचारलं की कर्सर हव्या त्या छेदाजवळ नेऊन तिसरं एंटर. डावीकडे १०८.५, उजवीकडे २३४. म्हणजे १८ एप्रिलच्या आसपास आणि २२ ऑगस्ट. नुसतं साइन इन्व्हर्स दाबणाऱ्याला एप्रिल मिळतो, ऑगस्ट हातचा जातो.

चाटी गल्ली
काय म्हणायलाव ओ! बोर्डाच्या पेपरात लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. सीईटीत नाही, जेईईतही नाही. ज्या यंत्राला परीक्षेच्या दारातच अडवतात त्याची सवय लावायची कशाला?

शिवाय आकडा म्हणजे उत्तर नव्हे. २ साइन वर्ग क्ष + ३ कॉस क्ष = ० बघा. साइन वर्गाच्या जागी १ − कॉस वर्ग घातला की २ कॉस वर्ग − ३ कॉस − २ = ०. कॉस क्ष २ किंवा −१/२. २ बाद. क्ष = २ एन पाय ± २ पाय/३, एन कोणताही पूर्णांक. चार ओळींत सगळ्या उकली, अनंतापर्यंत. यंत्र २.०९४३९५१ देणार, ते २ पाय/३ आहे हे पोरानं कुणाच्या जिवावर ओळखायचं?

सात रस्ता
पायनं भागा, ०.६६६६६६७ येतं. एवढं तरी ओळखेलच.

आणि हातानं सोडवताना काय होतं तेही बोला. साइन क्ष + कॉस क्ष = १. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की साइन २क्ष = ०, आणि ० ते २ पाय (२ पाय वगळून) चार उत्तरं: ०, पाय/२, पाय, ३ पाय/२. शेवटची दोन खोटी, मूळ समीकरणात −१ देतात. उलट साइन २क्ष = साइन क्ष मध्ये साइन क्ष छाटून टाकला की ० आणि पाय गायब, उरतात फक्त पाय/३ आणि ५ पाय/३. दोन्ही चुका उत्तरपत्रिकांत ढिगानं. आलेखावर एका नजरेत सापडतात.

हिप्परगा
आलेखही फसवतो, सर. तुमचंच दिवसाचं सूत्र डिग्री मोडमध्ये टाका. कंसातली किंमत वर्षभरात −१.४ ते ४.९, आणि ते अंश धरले तर वक्र ११.९७ वरून १२.०९ पर्यंत जेमतेम चढतो. १२.५ ला शिवतच नाही, इंटरसेक्ट चूक दाखवतं. घाईत झूम ७, म्हणजे त्रिकोणमितीची तयार विंडो, दाबलं तर उभा अक्ष −४ ते ४, स्क्रीन कोरी. पोरगं म्हणतं, यंत्र बिघडलं.

त्याहून गमतीचं: साध्या ८४ प्लसच्या पडद्यावर आडवे ९५ ठिपके. रेडियन ठेवून झूम ७ मध्ये दोन ठिपक्यांत अंतर बरोबर पाय/२४. तिथं साइन(४८क्ष) काढा, प्रत्येक ठिपक्यावर किंमत शून्य, सपाट रेघ! साइन(४९क्ष) हुबेहूब साइन क्ष दिसतो. टॅनच्या आलेखातल्या उभ्या रेघाही खोट्या, जुन्या मॉडेलवर यंत्र वरचा आणि खालचा ठिपका जोडून टाकतं. डॉट मोड केला, म्हणजे ठिपके जोडणं बंद केलं, की जातात.

नवी पेठ
८४ इथं किती जणांकडे आहे? कॅसिओ ९९१ हा सायंटिफिक कॅल्क्युलेटर मात्र इंजिनिअरिंगच्या प्रत्येक दप्तरात. त्यावर आलेख नाही, टेबल आहे. त्याच्या ईएस प्लस मॉडेलवर रेडियन करून मोड ७ म्हणजे टेबल, साइन क्ष − ०.३, सुरुवात ०, शेवट २ पाय, पायरी पाय/१२. २५ ओळी होतात, मर्यादा ३० ची. चिन्ह कुठं बदलतं ते बघा: ०.२६ ते ०.५२ मध्ये एकदा, २.६२ ते २.८८ मध्ये दुसऱ्यांदा. तिथली किंमत देऊन शिफ्ट सॉल्व्ह, म्हणजे समीकरण सोडवायचं बटण: ०.३०४७ आणि २.८३६९.

सुरुवात मात्र १.५ देऊ नका. सॉल्व्ह न्यूटनच्या पद्धतीनं चालतं, म्हणजे वक्राच्या उतारावरून पुढची उडी ठरवतं; तिथं उतार ०.०७, म्हणजे पहिलीच उडी −८.३६ वर. उत्तर आलं तरी भलत्याच फेऱ्यातलं.

चाटी गल्ली
टेबल ठीक, निदान पोरगं चिन्ह तरी बघतं. सात रस्तावाल्यांना एकच प्रश्न. साइन क्ष + कॉस क्ष = १.४१४२ आणि = १.४१४३. झूम ७ वर दोन्ही काढा, फरक सांगा.

सात रस्ता
दिसणार नाही. पहिल्याला पाय/४ च्या दोन्ही बाजूंना ०.००४४ वर दोन उकली, ठिपक्याची रुंदीच ०.१३. दुसऱ्याला एकही नाही. नेमकं √२ टाकलं तर वक्र रेषेला नुसता टेकतो, छेदत नाही, आणि यंत्र बऱ्याचदा 'नो साइन चेंज' (चिन्ह बदलत नाही) म्हणून हात वर करतं. तिथं आधी कमाल किंमत √२ काढायची, मगच बटणांना हात लावायचा.

चाटी गल्ली
म्हणजे आधी सूत्र.

सात रस्ता
या एका गणितात.