मदत हवी आहे : मोटारहोम वेगात डोलते, मागे पाटा (कमानीच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवावा की आतल्या वजनाची मांडणी बदलावी?

नमस्कार.

आमच्याकडे मिनिबसच्या सांगाड्यावर बांधलेले एक मोटारहोम आहे. गाडी वापरलेली घेतली असून आतील बांधकाम आधीच्या मालकांनी करून घेतलेले आहे. इंजिनाविषयी काहीही तक्रार नाही; तक्रार आहे ती गाडीच्या चालीविषयी. आम्ही सोलापुरात राहतो, तेव्हा येथील रस्ते, वारा आणि ऊन लक्षात घेऊन जाणकारांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे. प्रवासात माझे वयस्कर आईवडील सोबत असतात आणि वडिलांचे मणक्याचे दुखणे जुने आहे. त्यामुळे मागच्या पलंगावर बसणारे धक्के हा आमच्यासाठी केवळ सोयीचा प्रश्न नाही.

लक्षणे अशी आहेत. ताशी ६० किलोमीटरपर्यंत गाडी सरळ आणि शांत चालते. ७० ओलांडले की स्टिअरिंग हलके लागू लागते आणि गाडी रेषेत ठेवण्यासाठी सतत थोडे इकडे, थोडे तिकडे करावे लागते. हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या बाजूला मोकळा माळ आहे. तेथे आडवा वारा असला, किंवा एखादा भरलेला ट्रक शेजारून पुढे निघाला, की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि लगेच त्याच्याकडे ओढली जाते. दुसरे लक्षण विजापूर रस्त्यावर आणि आतल्या जिल्हा मार्गांवर अधिक जाणवते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबरावर खड्डे नसले तरी लांब लांब उंचवटे तयार होतात. अशा उंचवट्यांवर गाडीची मागची बाजू वरखाली होत राहते आणि पहिली हालचाल शमण्याआधीच पुढचा उंचवटा येतो. तिसरी गोष्ट म्हणजे तुळजापूरच्या घाटात उजव्या वळणावर गाडी डावीकडे फार कलते, तेवढी डाव्या वळणावर उजवीकडे कलत नाही. सपाट जागी उभी असतानाही डावी बाजू सुमारे दोन सेंटिमीटर खाली असते.

कमानपाट्याचे काम करणाऱ्या एका जुन्या कारागिरांना गाडी दाखवली. त्यांनी मागे एक जादा पाटा घालण्याचा सल्ला दिला. त्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे आणि त्यांनी खर्चही वाजवी सांगितला. परंतु काम करून घेण्यापूर्वी मी गाडी वजनकाट्यावर नेली. पाणी, डिझेल, सामान आणि माणसे अशा पूर्ण भरलेल्या अवस्थेत एकूण वजन ४,४८० किलो भरले. नोंदणी प्रमाणपत्रानुसार अनुज्ञेय वजन ४,६०० किलो आहे, म्हणजे एकूण वजन मर्यादेत आहे. नंतर केवळ पुढची चाके काट्यावर घेऊन वजन केले, ते १,४५० किलो आले; मागच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) ३,०३० किलो. मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,००० किलो आहे आणि पुढच्याची १,८००. म्हणजे मागे मर्यादा ओलांडली गेली आहे आणि पुढे मात्र साडेतीनशे किलोंची जागा शिल्लक आहे.

मग वजन कुठे आहे ते पाहिले. १८० लिटरची पाण्याची टाकी अगदी मागे, पलंगाखाली आहे. तिचा मध्य मागच्या ॲक्सलच्या १.४ मीटर मागे येतो. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील अंतर, ३.७ मीटर आहे. तरफेच्या साध्या हिशेबाने टाकी भरलेली असताना पुढच्या ॲक्सलवरचे वजन सुमारे ६८ किलोंनी कमी होते आणि मागच्या ॲक्सलवर १८० नव्हे, तर २४८ किलो पडतात. स्टिअरिंग हलके का लागते, याचे उत्तर मला येथे दिसते. डावीकडे स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज आणि दोन ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या आहेत, उजवीकडे केवळ कपडे ठेवण्याची कपाटे. बॅटऱ्या प्रत्येकी सुमारे ६० किलोंच्या आहेत.

माझे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत. जादा पाटा घातल्याने मागची बाजू उचलली जाईल, पण पुढची चाके हलकी राहण्याचा दोष त्याने जाईल काय? टाकी दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणली तर पाट्याचे काम करावे लागणार नाही, असे मानणे योग्य आहे काय? शॉकॲब्सॉर्बर, मागचा अँटीरोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारी पोलादी दांडी) आणि पाट्यांना साहाय्य करणारे हवेचे फुगे, यांपैकी आधी कशावर खर्च करावा? आणि वडिलांना कमीत कमी धक्के बसावेत यासाठी आतील रचनेत काय बदल करता येतील?

प्रतिसाद १

तुम्ही काट्यावर दोन्ही ॲक्सलचे वजन वेगवेगळे करून घेतले, हे फार चांगले झाले. बहुतेक जण एकूण वजन पाहून समाधान मानतात. तुमच्या आकड्यांवरून पाटा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाटा घातल्याने गाडी वर उचलली जाते, पण ॲक्सलवरचे वजन एक किलोनेही कमी होत नाही आणि अनुज्ञेय मर्यादाही वाढत नाही. उलट मागची बाजू कडक होईल आणि तुमच्या वडिलांना आजच्यापेक्षा जास्त धक्के बसतील. हवेच्या फुग्यांचेही तसेच आहे: उंची सावरण्यासाठी ते उपयोगी आहेत, जास्तीचे वजन वाहण्यासाठी नव्हेत.

टाकी मागच्या ॲक्सलच्या पुढे ०.४ मीटरवर आणली, तर त्याच पाण्यामुळे पुढच्या ॲक्सलवर वीसेक किलोंची भर पडेल. म्हणजे आजच्या तुलनेत पुढे सुमारे ८८ किलोंचा फरक पडेल आणि मागचा ॲक्सल मर्यादेच्या आत येईल. टाकी नवीन बनवून घेणार असाल तर तिच्या आत पडदे घालून घ्या, म्हणजे अर्धी भरलेली असताना वळणावर पाणी एका बाजूला धावणार नाही. सांगाड्याच्या मुख्य पट्ट्यांना वेल्डिंग करू देऊ नका. बोल्ट किंवा पकडपट्ट्यांनी बसवलेली चौकट अधिक सुरक्षित असते, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पोलादाची ताकद त्या जागी कमी होऊ शकते.

यानंतर पुढच्या चाकांची तपासणी करावी. गाडी भरकटण्याचा सगळा दोष वजनावर टाकण्याआधी किंगपिन (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते ती), टाय रॉडची (चाकांना वळवणाऱ्या दांडीची) टोके आणि स्टिअरिंग बॉक्समधील ढिलेपणा पाहणे आवश्यक आहे. पुढचा ॲक्सल उचलून चाक वरून आणि खालून धरून हलवा. हलत असेल तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग ढिले आहे, आणि तरीही राहिली तर किंगपिन झिजली आहे. अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) मात्र वजनाची मांडणी बदलल्यानंतर आणि गाडी नेहमीच्या भाराने भरूनच करून घ्या; रिकाम्या गाडीवर केलेले माप भरल्यावर तसेच राहत नाही. ‘टो’चे माप बाहेरच्या बाजूला गेलेले असले, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडे बाहेर वळलेली असली, तर तुम्ही वर्णन केलेले भरकटणे नेमके तसेच होते. कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकण्याचा कोन, ज्यामुळे चाके आपोआप सरळ होतात) कमी भरला, तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून तो दुरुस्त करता येतो; हे काम तुमच्या त्या कारागिरांकडूनच करून घ्यावे, त्यांच्या हातचे आहे.

उंचवट्यांवर मागची बाजू डोलत राहते, याचे कारण शॉकॲब्सॉर्बर. पाटे भार वाहतात, हालचाल शमवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे असते. त्यांच्या अंगावर तेल ओघळलेले दिसत नसले तरी ते आतून संपलेले असू शकतात. पहिला खर्च त्यांवर करा आणि चारही एकाच वेळी बदला. अँटीरोल बारचा विचार त्यानंतर. केवळ मागचा बार जाड केला तर कलणे कमी होते, पण वळणावर मागच्या बाहेरच्या चाकांवरचा ताण वाढतो आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणून पुढचा बार आणि त्याची बुशे सुस्थितीत असल्याची खात्री आधी करावी.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. गाडी चालू असताना वडिलांना मागच्या पलंगावर झोपवू नका. ॲक्सलच्या मागे जितके दूर बसावे, तितका धक्का मोठा होतो. शिवाय अचानक ब्रेक लागला तर पलंगावरच्या माणसाला कसलाही आधार नसतो. दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, पुढे तोंड असलेले, मागे कलणारे आणि सीटबेल्ट असलेले आसन त्यांच्यासाठी करून घ्यावे. ते आसन आणि बेल्ट लाकडी फळीला नव्हे, तर सांगाड्याला पक्के जोडलेले असावेत.

धागाकर्त्याचे उत्तर

अतिशय सविस्तर उत्तर दिलेत, आपला मनापासून आभारी आहे. आपला प्रतिसाद वाचल्यावर टाकी जवळपास रिकामी करून तामलवाडीपर्यंत गाडी चालवून पाहिली. ताशी ७५ ला स्टिअरिंगचा हलकेपणा बराच कमी जाणवला, उंचवट्यांवरचे डोलणे मात्र जसेच्या तसे राहिले. म्हणजे हे दोन दोष वेगळे आहेत, हे आपले म्हणणे पटले. वडिलांच्या आसनाचे कामही लगेच हाती घेत आहे. आता दोन शंका उरतात. टायरचे नक्षीकाम चांगले आहे, पण कडेवर २३१८ असा आकडा आहे. ते वापरावेत काय? आणि बॅटऱ्या उजवीकडे हलवाव्यात की बदलून टाकाव्यात?

प्रतिसाद २

त्या आकड्याचा अर्थ टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असा होतो. घरासारख्या वापरल्या जाणाऱ्या गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात, त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर वयाने कडक होते. त्यात सोलापूरचा उन्हाळा. कडेवर बारीक भेगा दिसत असतील तर वाट पाहू नका. नवीन घेताना भारनिर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा, पाहा. ११२/११० असे लिहिलेले असेल तर एकट्या चाकाला १,१२० किलो आणि जोडचाकातील प्रत्येक टायरला १,०६० किलो, असा त्याचा अर्थ असतो. मागे जोडचाके असतील तर आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून त्याची हवा तपासायची राहून जाते; नळी लावून तो बाहेर काढून घ्या. हवा सकाळी, गाडी न चालवता तपासावी आणि ती टायर उत्पादकाच्या तक्त्यात तुमच्या ॲक्सलच्या प्रत्यक्ष वजनासमोर दिलेली असेल तेवढी ठेवावी. मे महिन्यात दुपारी चालत्या गाडीत दाब वाढलेला दिसेल. तो कमी करू नये.

बॅटऱ्या बदलाव्यात, असे मी सुचवीन. १५० ॲम्पिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या निम्म्यापर्यंतच वापरायच्या म्हटले, तर सुमारे १,८०० वॉट-तास मिळतात. १२.८ व्होल्ट, २०० ॲम्पिअर-तासांची एकच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरली तरी २,००० हून अधिक मिळतात आणि वजन पंचवीस किलोंच्या आसपास असते. डाव्या बाजूचे नव्वदेक किलो त्यामुळे कमी होतील. चार्ज होताना ट्युब्युलर बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तोही झोपण्याच्या जागेतून जाईल. दोन गोष्टी सांभाळा. अल्टरनेटर (इंजिनावर चालून वीज तयार करणारे यंत्र) बॅटरीला थेट जोडू नका. मध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारा डीसी-डीसी चार्जर घाला, नाहीतर लिथियम बॅटरी इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. आणि बॅटरी उन्हात तापणाऱ्या पत्र्याला टेकवून किंवा बंद पेटीत ठेवू नका. बहुतेक उत्पादक ४५ अंशांच्या वर चार्जिंग नको म्हणतात आणि बंद गाडीत आपल्याकडे ते तापमान सहज ओलांडले जाते.

गॅसचा सिलिंडर कुठे आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. सामानाची जागा बदलताना तोही पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो. त्याच्या कप्प्याला तळाशी, थेट बाहेर उघडणारी जाळी असलीच पाहिजे.

टाकी, आसने आणि बॅटऱ्या यांचे काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात चौकशी करावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि आसनसंख्या हा तसा तपशील आहे. काम झाल्यावर पुन्हा वजनकाट्यावर जा. या वेळी डावीकडची चाके वेगळी आणि उजवीकडची वेगळी घ्या. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट उघडले असतील तर काही शे किलोमीटर चालवल्यावर ते ठरलेल्या टॉर्कला पुन्हा कसून घ्यावेत. नवीन आकडे कृपया याच धाग्यावर लिहा, म्हणजे पाचर किती अंशाची घालावी ते सांगता येईल.