मदत हवी आहे : हायड्रॉलिक खोडा घेताना नेमके काय पाहावे?

रानवाट : लस टोचताना आमच्या हाताने चालवायच्या खोड्याची (जनावराला बाजूच्या भिंतींत आवळून धरणाऱ्या पिंजऱ्याची) दांडी उसळून मदतनिसाच्या जबड्यावर बसली आणि त्याला सहा टाके पडले, त्यामुळे आता तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक खोडाच घ्यायचा हे नक्की झाले आहे. दोन नमुने पाहिले. एक विक्रेता लोखंडाची जाडी सांगतो, तर दुसरा पंपाची ताकद. यांपैकी कशाला महत्त्व द्यावे, एवढेच कृपया सांगावे. पुढची लस तोंडावर आली आहे.

ओलावा : जनावरे किती, शिंगे आहेत का, वीज कशी आहे, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. वासरांसाठी विचारत आहात की वळूंसाठी, हेही आम्ही अंदाजानेच ठरवायचे का?

जुना_गोठा : पंपाची ताकद विक्रेत्याला मिरवायला बरी, पण सोसायची जनावराला असते. हाताची दांडी ओढताना जनावर किती आवळले गेले ते आपल्या तळहाताला कळते. तेलाच्या दाबाला ते कळत नाही आणि कळ धरून ठेवली तर भिंत बरगडीचा विचार न करता पुढे सरकते. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, कुठे आहे, हे आधी विचारावे. ठरवून दिलेल्या दाबाला भिंत आपोआप थांबलीच पाहिजे. आवळताक्षणी जनावर हंबरले किंवा त्याला श्वास घेणे जड जाऊ लागले, तर तो दाब जास्त आहे असे समजावे.

बांधावरून : खोडा बदलण्याआधी त्याच्याकडे नेणारी गल्ली बदला. गुरांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी वळणाच्या, बंद भिंतींच्या गल्लीचा आग्रह धरला, तो उगीच नाही. गुरांना मान न वळवता जवळजवळ चहूकडचे दिसते, त्यामुळे लोंबती साखळी किंवा जमिनीवर पडलेली उन्हाची तिरीप पाहूनही ती अडतात. आमच्याकडे खोड्याशेजारी टांगलेला एक रेनकोट काढला आणि निम्मी ओढाताण संपली. हाताचाच खोडा उत्तम चालला आहे.

जुना_गोठा : गल्ली कितीही सुधारली तरी उसळलेली दांडी जबडा पाहून थांबत नाही. प्रश्न खोड्याचा आहे.

रानवाट : क्षमस्व, घाईत राहून गेले. मोठ्या गायी आणि वळू मिळून १४० जनावरे आहेत, त्यांपैकी काहींना शिंगे आहेत. काम लसीकरण, टॅग लावणे आणि गाभण तपासणी यांचे आहे. वीज अधूनमधून जाते.

खुरपी : खूर साळण्यासाठी जनावराला आडवे करणारे टेबल मिळते, तेही पाहून ठेवावे.

रानवाट : आभारी आहे, पण खूर साळणे हा माझा प्रश्नच नाही.

ओलावा : वीज जाते, ही गोष्ट आपण पहिल्याच ओळीत लिहायला हवी होती. रिकाम्या खोड्याचे मानेचे (जनावराची मान अडकवून धरणारे) फाटक बंद करून मोटर थांबवायला सांगा. फाटक जागचे हलता कामा नये, आणि तरीही जनावर कोसळल्यास ते वीज नसताना हाताने उघडता आले पाहिजे. मानेचे दांडे सरळ उभे आहेत का, हेही पाहा. वक्र दांड्यांत डोके जास्त स्थिर राहते, परंतु जनावर गुडघ्यांवर बसले तर मानेच्या रक्तवाहिन्या दबून ते दगावू शकते.

तेलपाणी : पंप खोड्यापासून दूर बसवता येतो का, ते विचारा. गुरांना सुमारे ३५ किलोहर्ट्झपर्यंतचे, म्हणजे आपल्याला ऐकूही न येणारे बारीक आवाज ऐकू येतात आणि पंपाच्या किंकाळीने ती बिथरतात. तळ घसरडा नसावा. पाय सरकला की शांत जनावरही धडपडते. नळीतून तेल झिरपत असेल तर दाब असताना तिथे बोट कधीही लावू नये, पुठ्ठा धरावा. सुईएवढ्या छिद्रातून निघालेले तेल कातडीत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, तरी शस्त्रक्रियेसाठी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

रानवाट : आज दोन्ही ठिकाणी मोटर बंद करायला लावली. ज्याच्या लोखंडाचे एवढे कौतुक ऐकले, त्याचे फाटक मिनिटभरात चार बोटे सरकले. विक्रेता म्हणाला, तेल गरम झाले की असे होतेच. तो नमुना सोडला. दुसऱ्याचे फाटक जागचे हलले नाही, पण त्याचे दांडे वक्र आहेत. ते सरळ बसवून मिळतील का, याचे लेखी उत्तर मागितले आहे.