पुस्तक हरवलं की ग्रंथपालाच्या पगारातून कापायचं, मग कपाटाला कुलूप लागणारच

दाखलअंक (धागाकर्ती)

तालुक्याच्या गावातल्या एका स्वयंअर्थसहाय्यित माध्यमिक शाळेत मी ग्रंथपाल आहे. पाचवी ते दहावी, सेमी इंग्रजी, साडेसातशे मुलं. शाळेचं नाव सांगत नाही, नोकरी अजून करायची आहे.

मे महिन्यात साठा पडताळणी झाली. दाखल नोंदवहीत ६,४१२ पुस्तकं, प्रत्यक्षात ३७ कमी. जूनचा पगार ५,१८० रुपयांनी कमी आला. विचारायला गेले तर क्लार्कनं कागद दाखवला, 'ग्रंथालय तूट वसुली'. मला ना पत्र, ना विचारणा.

आता मागची गोष्ट. मी रुजू झाले तेव्हा काचेची लोखंडी कपाटं होती, सगळ्यांना कुलूप. मुलं काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचायची, मिठाईच्या दुकानासमोर उभं राहिल्यासारखी. चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा, शिपाईमामा मोकळे असतील तेव्हा पुस्तक काढून देणार. मी कुलपं काढली. वर्गवारीनुसार पाठीवर रंगीत पट्ट्या लावल्या, विज्ञानाला हिरवी, इतिहासाला तपकिरी, गोष्टींना लाल. मुलं स्वतः काढतात, स्वतः बघतात, नको असेल तर (चुकीच्या जागी) ठेवतात. आधी वर्षाला अकराशेच्या आसपास देवघेव व्हायची, गेल्या वर्षी ८,९०० झाली. सभेत हा आकडा मी वाचून दाखवला, कुणी मान वर केली नाही. सदतीस मात्र सगळ्यांना पाठ आहे.

केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २०१७ चे आहेत, नियम २१५, असं म्हटलंय की वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गेली तर ती रास्त तूट धरावी. ८,९०० ला ४४ होतात. माझी ३७ गेलीत.

माझं म्हणणं एवढंच: पगारातून कापणार असाल तर उद्यापासून मी कुलूप लावते. कुणीही लावेल. मग वाचन प्रेरणा दिनाला १५ ऑक्टोबरला फोटो काढायला उघडू.

हिशेबनीस

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण एकच बाजू मांडलीत. मी दोन शिक्षणसंस्थांचे हिशेब बघतो.

पहिलं, तो नियम केंद्र सरकारच्या खात्यांसाठी आहे, खाजगी संस्थेला बंधनकारक नाही. दुसरं, तो अर्धाच सांगितलात. तूट अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसेल तरच रास्त, हे त्याच वाक्यात आहे. हजार रुपयांच्या वरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी केलीच पाहिजे, हेही तिथंच आहे.

विनाअनुदानित शाळेला सरकारकडून ग्रंथालयासाठी छदाम मिळत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं ग्रंथालय अनुदान सरकारी शाळांना. आमचं प्रत्येक पुस्तक पालकांच्या फीमधून येतं. संस्था विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असते, दरवर्षी लेखापरीक्षण होतं. ३७ वस्तू कमी दिसल्या की लेखापरीक्षक विचारणारच, जबाबदार कोण? 'मुलं वाचतात हो' हे उत्तर ताळेबंदात कुठल्या रकान्यात लिहू?

खडूवाली

'वस्तू'!! आमच्याकडे पुस्तकं डेडस्टॉक रजिस्टरला चढवतात, बाकं, घंटा आणि पाण्याच्या पिंपाबरोबर. मेलेला माल म्हणूनच नोंद केली तर जिवंत झाल्यावर पळणारच की.

आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय, पहिलाच नियम, पुस्तकं वापरासाठी असतात. मध्ययुगात युरोपात पुस्तकांना साखळ्या घालत, हेही ते त्याच ठिकाणी सांगतात. आपण साखळीऐवजी काच लावली.

हिशेबनीस

रंगनाथन पगारपत्रकावर सही करत नाहीत, मॅडम.

पाटीपेन्सिल

निवृत्त मुख्याध्यापक आहे, त्यामुळे कायद्याचं बोलतो. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली (आपण एमईपीएस म्हणतो ती) विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे आणि त्यात शिक्षकेतर कर्मचारीही येतात. पगारातून वसुलीची तरतूद त्यात आहे, नाही असं नाही. पण ती शिक्षा म्हणून आहे, आणि निष्काळजीपणामुळे किंवा आदेश मोडल्यामुळे संस्थेचं नुकसान झालं असेल तर. म्हणजे आधी निष्काळजीपणा दाखवा, कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐका, मग शिक्षा. क्लार्कनं परस्पर पगारपत्रकात ओळ घातली, असं चालत नाही.

ताई, लेखी खुलासा द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याला शाळेत काही किंमत नसते, हे मी तीस वर्षं खुर्चीवर बसून सांगतो.

एक विचारतो, राग मानू नका. रुजू होताना चार्ज, म्हणजे पुस्तकांचा ताबा, मोजून घेतला होतात का?

दाखलअंक

सर, नाही. आधीच्या ग्रंथपालबाई अचानक सोडून गेल्या होत्या. मला किल्ल्यांचा जुडगा आणि दोन रजिस्टरं हातात दिली. त्याआधीची पडताळणी माझ्या रुजू होण्याच्या एक वर्ष आधीची. म्हणजे ही ३७ तीन वर्षांतली, त्यातलं एक वर्ष मी तिथं नव्हतेच.

हिशेबनीस

अहो मग हे पहिल्या ओळीत लिहायचं! वीस हजारांपेक्षा कमी पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी करावी, असं तुमच्याच त्या २१५ मध्ये आहे. संस्थेनं तीन वर्षं मोजली नाहीत. आता कुणाच्या काळात किती गेली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि असं असताना एकाच माणसाकडून वसुली मीसुद्धा मान्य करणार नाही.

कुलूप मात्र हवंच, तिथं मी हटत नाही. बिनकुलपाच्या कपाटाची जबाबदारी कुणावर टाकता येत नाही, म्हणून ती कुणीच घेत नाही.

वाशिष्ठीकाठ

मी पण शाळेतच ग्रंथपाल, कोकणात. धागाकर्तीच्या बाजूनं लिहायला बसले होते, पण खरं सांगते, मी दोन कपाटं परत बंद केलीत.

वर्षभर सगळं उघडं ठेवलं. गोष्टींची पुस्तकं फाटली, मळली, चालायचंच, त्यांचं मरण वाचून आलं तर बरंच. पण स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची पानं ब्लेडनं कापलेली सापडली. कडेनं इतकी सफाईनं की पुस्तक मिटलं तर कळत नाही. प्राण्यांच्या रंगीत कोशातला वाघ गेला, मागच्या पानावरचा बिबट्या आपोआपच गेला. कुणाच्या तरी प्रकल्पाच्या वहीत चिकटला असणार आणि त्या वहीला दहापैकी दहा मिळाले असणार. ते पुस्तक दाखल नोंदवहीत आजही 'उपलब्ध' आहे. तुमची पडताळणी पुस्तकं मोजते, पानं नाही.

म्हणून कोश, नकाशे, स्पर्धा परीक्षा एवढं कुलपात. बाकी उघडं.

आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात खालचे दोन कप्पे लगदा झाले, तेव्हा संस्थेनं एका ठरावात सगळं निर्लेखित केलं, म्हणजे नोंदवहीतून कायमचं कमी केलं, पंधरा मिनिटांत. पावसानं नेली तर दैव, पोरांनी नेली तर ग्रंथपाल.

आठवी_ब_ची_आई

पालकांकडून कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या शाळेत पुस्तक हरवलं तर छापील किमतीच्या दुप्पट. मुलाचं एक हरवलं, १८० चं, ३६० भरले. त्या दिवशी मी त्याला सांगितलं, तिथंच बस, तिथंच वाच, घरी आणायचं नाही. चूक माझी आहे हे कळतं. पण फीच्या पावतीत 'ग्रंथालय' म्हणून वेगळी ओळ असते, ती भरायची आणि वर हा दंड? माझ्या मैत्रिणींनीही मुलांना हेच सांगितलंय.

दंड नको असं नाही. तेच पुस्तक विकत आणून द्या म्हणा, जुनं-नवं कसंही. आम्ही रद्दीवाल्याकडून शोधून आणू. मूलही सोबत येईल.

खडूवाली

@आठवी_ब_ची_आई, हे फार पटलं.

माझा उपाय मात्र वेगळाच. ग्रंथालय वर्गात न्या. पत्र्याची एक पेटी, चाळीस पुस्तकं, दोन मुलं ग्रंथपाल, एक वही. आमच्याकडे सातवीच्या मुली चालवतात. महिन्याला पेट्या वर्गावर्गांत फिरतात. ग्रंथालयाचा तास म्हणजे शिक्षक रजेवर असतील तेव्हाचा ऑफ तास, ही भानगडच मिटते.

हिशेबनीस

आणि पेटीत मार्चला किती उरतात?

खडूवाली

तीसच्या आसपास. आणि हो, गेलेल्या दहांचं आम्ही कुणाला विचारत नाही.

वाशिष्ठीकाठ

इथं माझं खडूवाली यांच्याशी भांडण आहे. चाळीसातली दहा म्हणजे चौथा हिस्सा! आम्ही ३७ वर रडतोय ते सहा हजारांतले. तुमची सुटतात कारण ती दाखलच नाहीत. नोंद नसली की तूटही नसते, फार सोपंय. पण पुढच्या वर्षी कुठली पुस्तकं परत घ्यायची हे कशावरून ठरवणार? माझ्याकडे तारखेची चिठ्ठी असते, शेवटच्या पानावर चिकटवलेली. शिक्क्यांनी भरून दुसरी जोडावी लागली की त्या पुस्तकाची आणखी एक प्रत मागवायची. काही चिठ्ठ्यांवर एकच शिक्का आहे, ऑगस्ट २००९.

कोरडा_चहा

२०२५ मध्ये कुलपावर चर्चा :) कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, युनिकोड मराठी व्यवस्थित चालतं. बारकोड लावा. कुणाकडे काय आहे ते एका क्लिकवर.

दाखलअंक

टाकलं होतं हो. आधीची सगळी यादी एक्सेलमध्ये होती, जुन्या बिगर-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. नव्या संगणकावर तो फॉन्ट नाही, त्यामुळे पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. सहा हजार नोंदी पुन्हा टाइप करतेय, मधल्या सुट्टीत, आतापर्यंत दोन हजार तीनशे. इंग्रजी पुस्तकांचा आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकला की बरीच माहिती आयती येते. मराठीची बहुतेक वेळा येत नाही, जुन्यांवर तर आयएसबीएनच नसतो. आणि बारकोड लावला तरी दप्तरात गेलेलं पुस्तक ओरडत नाही, त्याला दारात यंत्र लागतं. त्या यंत्राच्या किमतीत दर वर्षी ३७ पुस्तकं किती वर्षं येतील, तो हिशेब हिशेबनीस काकांनीच करावा.

हिशेबनीस

काका नाही हो, चाळिशीत आहे. पण हिशेब बरोबर आहे. यंत्र नको.

पाटीपेन्सिल

मूळ दुखणं कुठंय सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की शाळेत ग्रंथालय असावं, वृत्तपत्रं, मासिकं, गोष्टींसकट सर्व विषयांची पुस्तकं असावीत. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत खोलीचं मापसुद्धा आहे, १४ बाय ८ मीटर. वर्षात किती पुस्तकं मुलांच्या हातात गेली, हे मला तपासणीला आलेल्या एकाही अधिकाऱ्यानं विचारलं नाही. १९६७ चा ग्रंथालय कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा, शाळा त्यात येत नाहीत, त्यामुळे ग्रंथालय खात्याचाही माणूस फिरकत नाही. मग संस्था साठा जपते. तिला तेवढंच विचारतात.

मी स्वतः हे पाप केलंय. तपासणीच्या आदल्या आठवड्यात टेम्पोभर पुस्तकं आणवली होती, विषय न बघता. त्यात शेळीपालनावरच्या अकरा प्रती निघाल्या. शाळा शहरातली.

कोरडा_चहा

शेळीपालन वाचलं का कुणी?

पाटीपेन्सिल

एका शिपायानं. त्याच्याकडे आता सतरा शेळ्या आहेत.

वाशिष्ठीकाठ

धागाकर्ती, एक व्यवहाराचं. ३७ मधली सगळी चोरीला गेली असं धरू नका. मोठ्या ॲटलासच्या मागे हात घालून बघितलंत का? आमच्याकडे मुलं आवडतं पुस्तक तिथं लपवतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला मिळू नये. कपाटाच्या टपावरही बघा.

दाखलअंक

आज बघितलं. ॲटलासमागे चार! चारही भुताच्या गोष्टी. एकात बसच्या तिकिटाची खूण घातलेली होती, ती तशीच ठेवून चारही परत तिथंच सरकवून ठेवली. कोण येतं ते मला बघायचंय.

खुलासा लिहिला, पाटीपेन्सिल सरांनी सांगितलं तसा. चार्ज मोजून दिला नव्हता, तीन वर्षं पडताळणी नव्हती, आणि यापुढे दर हजारी पाचपर्यंतची तूट निर्लेखित करण्याचा ठराव करावा, असे तीन मुद्दे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुढच्या सभेत ठेवू. कोश आणि स्पर्धा परीक्षांच्या कपाटाला मात्र मी कुलूप लावलं, वाशिष्ठीकाठ ताईंचं ऐकून. हिशेबनीस यांना अर्धा आनंद व्हावा.

हिशेबनीस

पाव झाला. चार पुस्तकं सापडली, तर वसुली ३३ ची हवी, त्या चारांची किंमत परत मागा. पण आधी ती नोंदवहीत 'सापडली' म्हणून लाल शाईनं घ्या. ॲटलासमागे ठेवून चालणार नाही.

दाखलअंक

शुक्रवारपर्यंत थांबा. आठवी ब चा तास शुक्रवारी असतो.